फौजदाराने मते मागावीत काय?

इसवी सन १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघून आपल्या बऱ्हाणपुरास पोहोचला, तेव्हा त्याला सामोरा गेला तो गावचा कोतवाल, निशाणे मिरवीत, मोठ्या लवाजम्यासह. स्वागत थाटाचे झाले. उतरावयास मात्र सराईतल्या भट्टीसारख्या चार खोल्या मिळाल्या, आणि वकीलसाहेबांचे मन खट्टू झाले. पुढे शाहजादा परवेझच्या दरबारात जमिनीला मस्तक टेकण्यास त्याने साफ नकार दिला. एकाला शहराचा बंदोबस्त राखावयाचा, दुसऱ्याला आपल्या राजाचा मान. बऱ्हाणपूरच्या विणकराला किंवा तापीकाठच्या कोळ्याला काही विचारण्याचे कारण या दोघांपैकी एकालाही नव्हते. गंमत अशी की हाच रो हिंदुस्थानात येण्यापूर्वी, १६१४ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटचा सभासद होता आणि परतल्यावर पुन्हा झाला. त्या काळी मतदार मूठभर, हे खरे. पण तेथे त्याला लोकांची संमती लागली, येथे लागली नाही.

ही जुनी हकीकत आठवण्यास कारण घडले ते आमच्या परिचयातल्या एका मराठी घरी. थोरला मुलगा पोलीस खात्यात आहे, हुशार आहे, आणि नोकरी सोडून निवडणुकीस उभे राहावे असे त्याच्या मनाने घेतले आहे. बापलेकांत महिनाभर अबोला. एके दिवशी त्याची आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, “भाऊजी, तुम्ही तरी त्याला चार गोष्टी समजावून सांगा. मिळालेली सरकारी नोकरी सोडून कुणी दारोदार हिंडतं का?”

वाचकहो, परप्रांतात स्थायिक झालेल्या आपल्या घरांची ही जुनीच भावना आहे. नोकरी इमाने करावी, गणपती बसवावा, आणि राजकारण ज्यांचे त्यांना लखलाभ असो! मीही याच वळणात वाढलो. म्हणून त्या मुलाला उपदेश न करता एका फौजदाराची कथा सांगितली.

सुशीलकुमार शिंदे यांचा जन्म १९४१ चा, सोलापूरच्या एका गरीब दलित कुटुंबातला. कोर्टात हलकीसलकी नोकरी करीत त्यांनी शिक्षण पुरे केले, पदवी घेतली, कायद्याचाही अभ्यास केला. १९६५ मध्ये ते पोलीस सबइन्स्पेक्टर झाले आणि मुंबईस गुप्तवार्ता खात्यात काम करू लागले. ज्या घरातून ते आले, त्या घराला फौजदारकी म्हणजे केवढे शिखर! तरी शरद पवारांच्या आग्रहावरून त्यांनी १९७१ मध्ये ती सोडून काँग्रेसमध्ये प्रवेश केला. १९७२ च्या निवडणुकीत अपेक्षित उमेदवारी मिळालीच नाही. हातची नोकरी गेलेली आणि तिकीट दुसऱ्याला! अखेर १९७४ मध्ये करमाळ्याच्या पोटनिवडणुकीत ते निवडून आले. पुढचे सर्वांस ठाऊक आहे: राज्याचे अर्थमंत्री म्हणून नऊ अर्थसंकल्प, २००३ मध्ये मुख्यमंत्रिपद, मग आंध्र प्रदेशचे राज्यपालपद, आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाचे गृहमंत्रिपद. कधीकाळचा फौजदार साऱ्या देशाच्या पोलिसांच्या वर जाऊन बसला.

मुलाचे डोळे लकाकले. पण कथा तेथे संपत नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत एका तरुणीवर बसमध्ये अमानुष अत्याचार झाला आणि हजारो तरुण-तरुणी इंडिया गेटपाशी जमल्या. गृहमंत्री त्यांना भेटावयास का जात नाहीत, असे विचारले गेले तेव्हा शिंदे म्हणाले त्याचा आशय असा, की उद्या माओवादी शस्त्रे घेऊन निदर्शने करतील, तर तेथेही गृहमंत्र्याने जायचे काय? देशभर संताप उसळला. बंदोबस्ताच्या हिशेबाने पाहिले तर उत्तर चूक नव्हते. ठाण्यातल्या कोणत्याही अधिकाऱ्याने हेच म्हटले असते. परंतु समोर जमाव नव्हता, मतदार होते. चाळीस वर्षांपूर्वी उतरविलेली वर्दी त्या एका क्षणी पुन्हा अंगावर चढली, असे मला वाटते. २०१४ मध्ये सोलापूरकरांनी आपल्या या गृहमंत्र्याला पराभूत केले, आणि २०१९ मध्येही.

शिंद्यांची मला भावलेली गोष्ट वेगळीच आहे. २०२४ मध्ये आपल्या आत्मचरित्राच्या प्रकाशनसमारंभी त्यांनी हसत हसत कबूल केले की गृहमंत्री असताना श्रीनगरच्या लाल चौकात जा असा सल्ला मिळाला, गेलोही, पण मनातून भीती वाटत होती, ती सांगणार कुणाला? वर पुस्ती जोडली की जुन्या पोलिसाने असे बोलू नये. वर्दीत असताना ही कबुली त्यांच्या तोंडून निघाली नसती.

“मग मोठ्या हुद्द्यावरून उतरलं तर?” मुलाने विचारले. तशीही उदाहरणे आहेत. मुंबईचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह २०१४ च्या जानेवारीत राजीनामा देऊन गेले आणि त्याच वर्षी आपल्या मूळ मुलखात, बागपतला, अजित सिंहांसारख्या दिग्गजाला हरवून खासदार झाले. पण तेथे पक्षाची लाट होती. त्यावरून धडा घेऊ नये. मला आठवतात ते ज्युलिओ रिबेरो. मुंबईचे आयुक्त, मग पंजाबच्या धामधुमीत तेथील पोलीसप्रमुख, आणि १९८९ पासून रुमानियात भारताचे राजदूत. १९९१ मध्ये बुखारेस्टलाही मारेकऱ्यांनी त्यांना गाठले. त्यातून ते वाचले. कोतवालकी आणि वकिली दोन्ही एकाच माणसाने केल्या, परंतु निवडणुकीस ते कधी उभे राहिले नाहीत. त्यांचे मोठेपण त्यामुळे तसूभरही उणे झाले नाही.

आपल्या गावाचे म्हणाल, तर २०१८ मध्ये बऱ्हाणपुराने विद्यमान मंत्री अर्चना चिटणीस यांना एका अपक्षाकडून पराभूत करविले आणि २०२३ मध्ये त्यांनाच परत निवडून दिले. येथला मतदार साधा दिसतो, साधा नाही.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली, ती बापाच्या काळजीसाठी. सरकारी नोकराला उभे राहावयाचे तर राजीनामा आधी मंजूर व्हावा लागतो. आपल्याच राज्यात उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांनी २०२३ च्या जूनमध्ये राजीनामा दिला. तो मंजूर होईतो ऑक्टोबर उजाडला, कोर्टकचेरी झाली, आणि तोवर आमल्याची उमेदवारी दुसऱ्याला जाहीर झाली होती.

मुलगा बराच वेळ गप्प होता. आई चहाचे कप उचलता उचलता दारात थबकली आणि म्हणाली, “बहात्तर साली तिकीट मिळालं नाही म्हणता, तर चौऱ्याहत्तरपर्यंत त्यांच्या घरातल्या बाईनं कसं निभावलं असेल हो?”

त्यावर कोणीच बोलले नाही. राजीनाम्याचा कागद मात्र त्याने फाडलेला नाही. कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे, असे कळते. आणि बापलेक आता निदान जेवावयास एका पंक्तीला बसतात.