ई-स्पोर्ट्स : तल्लख नजर आणि शरीराचा तोल

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत या प्रकारासाठी अधिकृत पदके होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांना मनाई केली. ई-स्पोर्ट्सला मात्र प्रोत्साहन देण्याचे धोरण स्वीकारले. कालपर्यंत रिकामटेकड्यांचा उद्योग समजला जाणारा प्रकार आता कायद्याच्या लेखी खेळ ठरला आहे. साहजिकच तालमी आणि पेठांच्या फुटबॉलवर वाढलेल्या कोल्हापुरातही पालकांपुढे नवा पेच उभा राहिला आहे. मोबाइलवर तासन्‌ तास घालवणारा मुलगा 'मीही सरावच करतो आहे' असे म्हणाला, तर त्याला काय उत्तर द्यायचे?

त्याचा दावा सरसकट खोटा नाही. शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बॅव्हेलिए या संशोधकांनी २००३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवान अ‍ॅक्शन गेम खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान, म्हणजे एकाच वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवण्याची क्षमता, इतरांपेक्षा सरस असल्याचे त्यात आढळले. असे खेळ न खेळणाऱ्यांकडून रोज एक तास याप्रमाणे दहा दिवस सराव करून घेतल्यावर त्यांच्यातही सुधारणा दिसली. मात्र पुढच्या संशोधनाने या उत्साहाला मर्यादा घातली. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणारे दोन वेगवेगळे शोधनिबंध आले. एकाने अवधान आणि अवकाशीय आकलन यांत लाभ नोंदवला. दुसऱ्याने अशा सरावामुळे एकूण बुद्धिक्षमता वाढत असल्याचा पुरावा नाही, असे बजावले. जे घोटावे तेच पक्के होते, एवढा निष्कर्ष त्यातून सावधपणे काढता येतो. पडद्यावरचा शत्रू चटकन हेरणाऱ्याला गणितही तितक्याच चटकन सुटेल, असे मानण्यास आधार नाही. शिवाय मुळातच चपळ नजरेची मुले अशा खेळांकडे ओढली जातात, हेही विसरता येत नाही.

शरीराच्या तोलाचे गणित याहून वेगळे आहे. अंतःकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्याशी संलग्न इंद्रिये, डोळे, आणि स्नायू-सांध्यांतून मिळणाऱ्या संवेदना या तिन्हींची सांगड मेंदू क्षणोक्षणी घालत असतो, म्हणून आपण तोल सांभाळू शकतो. बसून खेळल्या जाणाऱ्या गेममध्ये यांपैकी केवळ डोळे राबतात. पडद्यावरचा सैनिक धावतो, वळतो, उडी मारतो. खेळाडूचे डोके आणि पाय मात्र जागचे हलत नाहीत. डोळे सांगतात 'हललो' आणि कान सांगतो 'बसलो आहे'. या विसंगतीमुळेच काहींना गरगरते, मळमळते. दोष पडद्याचा नाही, बसून राहण्याचा आहे. निन्टेन्डो कंपनीने २००७ मध्ये बाजारात आणलेल्या 'वी फिट'मध्ये खेळाडूला फळीवर उभे राहून शरीराचा भार इकडून तिकडे न्यावा लागे. म्हणूनच तोल सुधारण्याच्या व्यायामासाठी त्या फळीचा उपयोग करून पाहिला गेला.

नजर आणि तोल यांची सांगड कशी असते, हे कोल्हापूरकरांना परदेशातून शिकण्याची गरज नाही. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. गुडघ्यावर बसून आणि झोपून नेम धरण्याचे टप्पे संपले, तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. पदक मिळाले ते उभ्याने नेम धरण्याच्या शेवटच्या टप्प्यात. निश्चल उभ्या माणसाचे शरीरही सूक्ष्मपणे डोलत असते. ते डोलणे कमीत कमी ठेवणे हीच तेथे कसोटी असते. कबड्डीत तर विचार आणि तोल एकाच क्षणी पणाला लागतात. बोनस रेषेपलीकडे पाऊल टाकताना मागचा पाय हवेत ठेवायचा आणि त्याच वेळी बचावपटूंच्या हालचाली टिपायच्या. अंगठ्याखालच्या पडद्यावर हा दुहेरी सराव घडत नाही.

याचा अर्थ ई-स्पोर्ट्सवर बहिष्कार घालावा असा नव्हे. खेळ म्हणून मान्यता मिळाली असेल, तर खेळाडूची शिस्तही त्यासोबत यायला हवी. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. गेमिंगच्या विकाराला याच संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात स्थान मिळाले असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे. शाळांनी ई-स्पोर्ट्सचे संघ जरूर उभारावेत. पण त्यांचा सराव खेळाच्या तासिकेतून कापून नव्हे, तर त्या तासिकेला जोडून व्हावा. एका पायावर उभे राहणे, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार यांना पैसा लागत नाही. ई-स्पोर्ट्सच्या आयोजकांनीही शालेय स्पर्धांत दोन सामन्यांमध्ये विश्रांती आणि हालचाल सक्तीची करावी.

राजर्षी शाहू महाराजांनी या शहराला खासबाग मैदान दिले. तेथे डाव सुचणे आणि पाय रोवून उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी कधीच मानल्या गेल्या नाहीत. सरावाचा दावा करणाऱ्या मुलाला म्हणूनच सांगायला हवे : तुझा सराव खरा आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा मैदानावर पूर्ण कर.