फायनलच्या आधी एवढे करा

भाताची कापणी आटोपून शेते सुकली की पेडणे आणि डिचोली तालुक्यांत क्रिकेट स्पर्धांचे फलक लागू लागतात. टेनिस बॉल, सहा किंवा आठ षटके, सोळा नाहीतर बत्तीस संघ आणि नॉकआउट. मांद्रे, कोरगाव, धारगळपासून मये, मुळगाव, साळपर्यंत गावागावांत शनिवार-रविवार त्यातच जातात. खेळणारे कोण असतात? तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणारे, मोप्याच्या विमानतळावर कामाला जाणारे, टॅक्सीवाले, शिक्षक, एकेकाळी खनिजाचा ट्रक चालवलेले. विशीतली पोरे असतात, तशी पंचेचाळिशीतली माणसेही असतात. मला हा खेळ मनापासून आवडतो. वाड्यावाड्यांतली माणसे त्यामुळे एकत्र येतात आणि रोज घर ते काम एवढेच करणाऱ्या माणसाला पळायला एक कारण मिळते. म्हणूनच स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि पस्तिशी ओलांडलेल्या खेळाडूंना हे आवाहन करतो आहे. ते स्पर्धेच्या शेवटच्या दिवसापुरते, उपांत्य आणि अंतिम सामन्यांपुरते आहे.

शेवटचाच दिवस का, तर जरा हिशेब मांडून पाहा. बत्तीस संघांच्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारा संघ एकूण पाच सामने खेळतो. पहिले दोन वेगवेगळ्या रविवारी होतात. मग पुढे परीक्षा येतात, लग्ने येतात, मैदान मिळत नाही, आणि उरलेले सगळे एकाच दिवशी उरकले जाते. सकाळी उपांत्यपूर्व, दुपारी तीनला उपांत्य, सूर्य कलल्यावर किंवा दिव्यांखाली फायनल. म्हणजे आठवडाभर खुर्चीवर, नाहीतर स्टिअरिंगमागे बसलेला माणूस एका दिवसात तीन सामने खेळतो, तेही एप्रिल-मेच्या दमट उन्हात. आपल्या किनारपट्टीच्या हवेत घाम येतो, पण तो वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. त्यात मार्च ते मे हा हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, मोसम. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत काजूच्या झाडाखाली ग्लास फिरतो. दारूने लघवी वाढते, अंगातले पाणी आणखी कमी होते आणि छातीतल्या धडधडीकडे लक्ष जात नाही. शेवटचा चेंडू पडेपर्यंत ग्लासला हात लावायचा नाही, हे कर्णधाराने सकाळीच सगळ्यांना सांगून टाकावे.

टेनिस बॉल लागून फारसे काही होत नाही, म्हणून या खेळात धोका नाही, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पण या खेळात धोका चेंडूचा नसतोच. जानेवारी 2020 मध्ये गोव्याकडून रणजी खेळलेले राजेश घोडगे मडगावला एका स्थानिक सामन्यात नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला उभे असताना कोसळले आणि गेले. वय चाळिशीतले. त्याआधीची गोष्ट गोव्यातल्या फुटबॉलप्रेमींना सांगायला नको. 5 डिसेंबर 2004, बेंगळुरू, फेडरेशन कपची फायनल. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्टियानो ज्युनियर गोल करता करता मोहन बागानच्या गोलरक्षकावर आदळला आणि मैदानावरच पडला तो उठलाच नाही. वय 25. धेंपोने त्याच्या दहा नंबरची जर्सी नंतर कोणालाच दिली नाही. एक चाळिशी ओलांडलेला आणि एक ऐन उमेदीतला. दोघेही खेळात मुरलेले, सराव असलेले. मग वर्षभरात चार महिने खेळणाऱ्या आपल्या माणसाने किती जपायला हवे?

यावर खेळाडूंना उपदेश करत बसण्यात अर्थ नाही. चुरशीच्या सामन्यात कोणी सावकाश पळत नसतो. बदलायची असते ती व्यवस्था, आणि ती बदलली की फरक पडतो याचा एक चांगला दाखला अमेरिकेतला आहे. तिथे सॉफ्टबॉल हा असाच हौशी माणसांचा सुटीचा खेळ. 1887 साली शिकागोत एका सभागृहात तो सुरू झाला आणि आज कारखान्यांचे, कचेऱ्यांचे, मोहल्ल्यांचे संघ त्यात लीग आणि मग बाद फेरी खेळतात. या खेळात धावपटू घसरत येऊन बेसला, म्हणजे गाठायच्या टप्प्याला, पाय लावतो. बेस जमिनीत घट्ट रोवलेला असला की घोटा तिथेच मोडतो. मिशिगनमधल्या डॉक्टरांनी 1980 च्या दशकात काही मैदानांवर धक्का बसताच सुटून येणारे बेस बसवले आणि दोन्ही प्रकारच्या मैदानांवरचे प्रत्येकी सहाशेहून अधिक सामने पाहिले. रोवलेल्या बेसवर घसरताना 45 जण जखमी झाले होते, सुटणाऱ्या बेसवर फक्त दोन. खेळाडू तेच, ईर्षाही तीच. बदलला तो फक्त बेस.

आपल्या मैदानावर असा रोवलेला बेस कुठे कुठे आहे, ते मंडळाच्या माणसांनी फायनलच्या आदल्या संध्याकाळी मैदानाला एक फेरी मारून पाहावे. कापलेल्या शेतात खेळतो, तेव्हा मेर असते. भाताचे खुंट असतात, कडेला चिऱ्यांचा गडगा असतो, कुठे कठडा पडलेली विहीर असते. सीमारेषेची चुन्याची रेघ नेमकी गडग्याला चिकटून मारलेली असते, कारण तेवढीच जागा आहे असे आपल्याला वाटते. झेल घेणारा वर चेंडूकडे पाहत मागे पळतो, त्याला गडगा दिसत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत सीमारेषेची दोरी आणि कुंपण यांत किमान तीन यार्ड, म्हणजे पावणेतीन मीटर मोकळी जागा ठेवावीच लागते. आपणही रेघ तेवढी आत घ्यावी. मैदान लहान होईल, चार षटकार जास्त बसतील, बसू देत. दिव्यांचे खांब, जनरेटरच्या वायरी आणि मंडपाच्या खुंट्या सीमेबाहेर गेल्या पाहिजेत. लोखंडी पायावरचे स्टंप असतील, तर पायाच्या कडा रबराने झाकाव्यात.

सगळ्यात मोठी दुरुस्ती मात्र वेळापत्रकात हवी. उपांत्य सामने शनिवारी संध्याकाळी घ्या, फायनल रविवारी ठेवा. तेवढे जमले तरी अर्धे काम झाले. अगदीच एक दिवस मिळत असेल, तर उपांत्यपूर्व सामने आधीच्या आठवड्यात संपवा आणि उपांत्य व अंतिम यांत निदान दोन तास जाऊ द्या. त्या वेळात मुलींचा किंवा चौदा वर्षांखालच्या मुलांचा एक प्रदर्शनी सामना घेता येतो, प्रेक्षकही थांबतात. भर दुपारी बारा ते तीन मैदान मोकळे ठेवा. एका गोलंदाजाला एका दिवसात किती षटके, याची मर्यादा सामन्यापुरती नको, दिवसापुरती घाला. चाळिशीपुढच्या खेळाडूला केव्हाही बाहेर बसून पुन्हा क्षेत्ररक्षणाला येता येईल, असा नियम करून प्रवेशपत्रकावरच छापा. हा हौशी खेळ आहे, नियम आपलेच आहेत.

आणि पाहुणे. यावर कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फायनलची वेळ ठरलेली असते, प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा येतात. तोवर दोन्ही संघांनी अंग मोकळे करून घेतलेले असते, घाम आलेला असतो. मग बावीस जण रांगेत उभे राहतात. पाहुणे एकेकाशी हात मिळवतात, फोटो निघतात, शाल-श्रीफळ होते, तिघांची भाषणे होतात. अर्ध्या तासाने नाणेफेक, आणि थंड पडलेल्या पायांनी सलामीचा गोलंदाज पूर्ण वेगाने धावत येतो. दुसऱ्या-तिसऱ्या चेंडूला तो मांडी धरून खाली बसतो आणि लोक म्हणतात, नशीब खराब. यात नशिबाचा काय संबंध? मांडीच्या मागचा स्नायू थंड असताना एकदम ताणला गेला. ओळख-परेड आधी करा, त्यानंतर दहा मिनिटे सगळ्या खेळाडूंना हळूहळू वेग वाढवत पळू द्या, मग पहिला चेंडू टाका. भाषणे बक्षीस समारंभात ठेवा. आपल्याकडचे आमदार, सरपंच समजूतदार आहेत, आधी सांगितले तर ऐकतात. सांगायचे धाडस मंडळाने करावे.

आता खेळाडूंना. भाऊ, तुम्ही चाळिशीच्या पुढे असाल, रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल, तंबाखू-सिगरेट असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर स्पर्धेत नाव देण्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडे जाऊन या. पेडण्यात आणि डिचोलीत दोन्हीकडे सामुदायिक आरोग्य केंद्र आहे. सामन्याच्या दिवशी छातीवर दडपण आले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, उन्हाने येतो त्याहून वेगळा, गार घाम फुटला, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन पुन्हा क्षेत्ररक्षणाला उभे राहू नका. कर्णधाराला सांगा आणि बाहेर या. संघात बारावा गडी त्यासाठीच असतो. ताप असताना किंवा तापातून उठल्याच्या आठवड्यात खेळूच नका, कारण तापाच्या विषाणूची सूज कधी कधी हृदयाच्या स्नायूवरही असते.

मंडळाच्या प्रवेशपत्रकावर आज खेळाडूचे नाव आणि जर्सीचा नंबर असतो. त्यात आणखी तीन रकाने घाला: घरच्यांचा फोन, चालू औषधे, आधीचा आजार. हा कागद गुणलेखकाच्या टेबलावर राहू दे.

तरीही कोणी कोसळलाच, तर पहिली पाच मिनिटे आपल्याच हातात असतात. अशा वेळी काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. माणसाभोवती गर्दी होते, कोणी नाकाला कांदा लावतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी तोंडात पाणी ओततो, दोघे त्याला उचलून गाडीत घालायला बघतात. यातले काहीही करू नका. हाक मारा, खांदे हलवा. उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही, म्हणजे हृदय थांबले आहे असे धरून चाला. अधूनमधून घशातून ओढल्यासारखा आवाज येतो, त्याला श्वास समजू नका. एकाने 108 ला फोन करायचा. दुसऱ्याने माणसाला कठीण जमिनीवर उताणे ठेवून छातीच्या मधोमध, हाडावर, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागायचे. कोपर सरळ, दाब निदान पाच सेंटिमीटर खोल, वेग मिनिटाला 100 ते 120, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, दाबणे थांबवायचे नाही. या दाबाशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. पेडण्याहून बांबोळीच्या गोमेकॉ इस्पितळात पोचायचे, तर कोलवाळचा पूल, म्हापसा, मग मांडवीचा पूल. डिचोलीहूनही वाट काही जवळची नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या माणसाच्या मेंदूला रक्त पुरवणारे आपलेच हात असतात.

म्हणून प्रत्येक संघातल्या दोघांना हे यायला हवे. पंचांना आणि गुणलेखकाला तर हवेच. मैदानापासून रस्त्यापर्यंतची एक वाट रुग्णवाहिकेसाठी मोकळी ठेवा आणि तिथे दुचाकी लावू देऊ नका. फायनलला गर्दी होतेच. मे 2025 मध्ये शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरीत माणसे गेली, ते दुःख डिचोली तालुक्याला ताजे आहे. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगळी ठेवणे, एवढे तर आपण छोट्या मैदानावरही करू शकतो.

फायनल मेच्या अखेरीला ढकलली गेली, तर विजेचाही विचार करा. उघड्या शेतात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे उभा माणूस आणि मंडपाचा लोखंडी खांब. गडगडाट ऐकू आला की सामना थांबवा, सगळ्यांना पक्क्या छपराखाली न्या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे होईपर्यंत कोणालाही मैदानात पाठवू नका. आंब्याच्या झाडाखाली उभे राहणे सगळ्यात वाईट. पुण्याच्या हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप जवळपास वीज पडत असेल तर इशारा देते. पंचाच्या फोनवर ते असू दे. दोन षटके बाकी असताना थांबवावे लागले, तर करंडक दोन्ही संघांना विभागून द्या आणि तसे नियमात आधीच लिहून ठेवा, म्हणजे त्या घटकेला वाद होणार नाही.

खर्च कितीसा येतो? ओआरएसची पाकिटे, बर्फाची पेटी, पट्ट्या, पिण्याच्या पाण्याची दोन पिंपे, सावलीसाठी एक कापड. डीजेच्या एका संध्याकाळच्या पैशांत हे सगळे भागून उरेल. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धांनी तर आसपासच्या चार-पाच मंडळांनी मिळून हृदयाला झटका देणारे एईडी यंत्र घ्यायचा विचार करावा. ते काय करायचे ते बोलून सांगते, डॉक्टरच लागतो असे नाही.

नव्या हंगामाच्या स्पर्धा दिवाळीनंतर जाहीर होतात. त्याआधी, गणपती झाल्यावर, मंडळाच्या सचिवांनी आपल्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक मागावे. रविवारची सकाळ धरावी, हायस्कूलचे सभागृह घ्यावे, संघांच्या कर्णधारांना बोलवावे. जो संघ दोन माणसे पाठवणार नाही, त्याचे नाव सोडतीत घालू नये.