राष्ट्रीय फुटबॉल संघ : भारतीय प्रशिक्षकाची कसोटी

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नियुक्ती केली. गोव्याचे सावियो मडेरा २०१२ मध्ये पायउतार झाल्यानंतर तेरा वर्षांनी हे पद पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षकाकडे आले. अंतिम यादीतील अन्य दोघे, स्टीफन कॉन्स्टन्टाईन व स्टेफान तार्कोविच, परदेशी होते.

कुवेतमध्ये जन्मलेले जमील यांची कारकीर्द मुंबईत घडली. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून ते मध्यरक्षक म्हणून खेळले. भारताचेही त्यांनी प्रतिनिधित्व केले. दुखापतींमुळे खेळ थांबल्यावर २००९ पासून त्यांनी मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद सांभाळले. मिझोरामच्या ऐजॉल एफसीला त्यांनी २०१६-१७ मध्ये आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. आदल्याच हंगामात हा संघ पदावनत झाला होता. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले. मर्यादित साधनांतून शिस्तबद्ध संघ उभारणे, ही त्यांची ओळख.

राष्ट्रीय संघाची सुरुवातही आशादायक झाली. मोहन बागानने आपले खेळाडू पाठवले नसतानाही सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य आशियाई महासंघाच्या नेशन्स कप स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून तिसरा क्रमांक मिळवला. मात्र महिन्याभरातच चित्र पालटले. सिंगापूरशी १-१ अशी बरोबरी झाली आणि १४ ऑक्टोबर रोजी मडगावात आघाडी घेऊनही भारत १-२ असा पराभूत झाला. २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशाकडूनही हार पत्करावी लागली.

या अपयशाचे माप एकट्या प्रशिक्षकाच्या पदरात घालणे न्याय्य नाही. पात्रता फेरीतील पहिल्या दोन सामन्यांतून भारताला अवघा एक गुण मिळाला होता. ते सामने जमील यांच्या नियुक्तीपूर्वीचे होते. गटातील केवळ अव्वल संघ पात्र ठरणार असल्याने चुकीला वाव नव्हता. त्यातच व्यावसायिक हक्कांच्या करारावरील वादामुळे सुपर लीगचा नवा हंगाम जुलैमध्येच लांबणीवर टाकण्यात आला होता. परिणामी अनेक खेळाडू स्पर्धात्मक सरावाविना मैदानात उतरले.

प्रशिक्षक देशी असावा की परदेशी, हा वाद जुना आहे. तथापि लीगचे निश्चित वेळापत्रक आणि खेळाडू सोडण्याबाबत क्लबांशी ठोस समझोता नसेल, तर पदावर कोणीही असो, त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. मुंबई एफसीने जमील यांना सात वर्षे दिली होती. राष्ट्रीय संघात पहिल्या निर्णायक सामन्यांपूर्वी त्यांना जेमतेम दहा आठवडे मिळाले.