चाळीला वारा, मग हौद्याला का नाही?

पावसाळ्यात पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजार आवारात जाऊन एखाद्या पिकअप गाडीचा फाळका उघडून पाहा. बरेचदा कुबट वास येतो. हौद्यात अंथरलेली रबरी मॅट कोपऱ्याने उचलली, की खाली काळे-करडे ठिपके दिसतात. गाडीवाला म्हणतो, “पाऊसच असा, बुरशी येणारच!” मला हे पटत नाही.

नुसत्या पाण्यावर बुरशी जगत नाही. हिरव्या वनस्पतींप्रमाणे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. आयते सेंद्रिय अन्न लागते. रबर हे काही तिचे आवडते खाद्य नव्हे. मॅटवर सांडलेला टोमॅटोचा रस, कांद्याची टरफले, पाल्याचा चुरा यांचा जो थर बसतो, तो तिला पुरतो. बीजाणू तर हवेत सगळीकडे असतातच. (द्राक्षबागेतील भुरी ती हीच, असे कोणी सांगितले तर मानू नका. भुरी जिवंत वेलीवरच वाढते.)

आता ओलाव्याचे पाहू. मॅट पत्र्याला चिकटून असते. खाली झिरपलेल्या पाण्याला वारा लागत नाही. शिवाय रात्री पत्रा थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर दवासारखे जमते. म्हणजे पाऊस उघडला तरी मॅटखाली ओल राहतेच.

गंमत अशी, की याच शेतकऱ्याची कांदाचाळ पाहा. चाळीचा तळ जमिनीपासून उंच, खालून वारा खेळता. उन्हाळी कांदा तो अशा चाळीत महिनोन्‌महिने टिकवतो. चाळीत जे त्याला कळते, ते गाडीत का सुचू नये? मॅटखाली प्लास्टिकच्या पट्ट्या टाकून बोटभर फट ठेवली, पाणी निघायच्या भोकांतला गाळ काढला आणि रिकामी गाडी फाळका उघडून जरा उतारावर उभी केली, तर निम्मे काम झाले. ओली ताडपत्री घडी करून हौद्यात कोंबणे मात्र बंद केले पाहिजे.

लोकांचा भरवसा ब्लीचिंग पावडरवर. पण मळ तसाच ठेवून ती टाकली, तर तिच्यातील क्लोरीन मळावरच खर्च होतो. आधी मॅट बाहेर काढावी, ओली करून साबणाच्या पाण्याने घासावी (कोरडी खरवडल्यास बीजाणू उडून नाकात जातात) आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवावी. ब्लीचिंग पावडर आणि फरशीचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू विषारी असतो. तो हवेपेक्षा जड असल्याने हौद्यासारख्या खोलगट जागी साचतो.

प्रश्न केवळ वासाचा नाही. कांद्यावर काजळीसारखी दिसणारी काळी बुरशी, ॲस्परजिलस नायगर, कुजक्या पाल्यावरही वाढते. चिरलेल्या टोमॅटोत बुरशीला सहज शिरकाव मिळतो. हमाल तीच हवा श्वासात घेतो. खालचा पत्रा गंजतो तो वेगळाच.

शाळेत एक प्रयोग करता येईल. जुन्या रबराचे दोन तुकडे धुऊन घ्या. एकाला टोमॅटोचा रस लावा, दुसऱ्यावर नुसते पाणी शिंपडा. दोन्ही वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत बंद करून आठवडाभर सावलीत ठेवा. पिशव्या न उघडता रोज पाहा, आणि काय दिसले ते गाडीवाल्या काकांना नेऊन दाखवा.