माधुकरी

दिवाळी अंकासाठी या खेपेला काही गोड लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी गच्चीवर होतो, आणि कोपरापर्यंत साखरेच्या पाकाने माखलेला होतो. निरोप घेऊन वर आलेल्या चिरंजीवांनी दारातूनच तो ओरडून सांगितला, कारण पेटीजवळ यायला ते अजून भितात. या सदराच्या जुन्या वाचकांना माझे छंद परिचयाचे आहेत. बासरी झाली, जुनी नाणी झाली, एका उन्हाळ्यात उर्दू झाली. मधमाश्यांबद्दल मात्र मी आजवर अवाक्षर लिहिले नाही, याचे कारण नम्रता नव्हे. कारण लाज हे होते.

माझे बिऱ्हाड मुलुंडला, पश्चिमेच्या डोंगराच्या बाजूला. पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे रान सुरू होते. अलीकडे आमच्या इमारतीची गच्ची, तिच्यावर पाण्याच्या टाक्या, वाळवणाच्या दोऱ्या आणि टाकीच्या सावलीत एक लाकडी पेटी. ही पेटी मामांनी दिलेली. मामा महाबळेश्वर तालुक्यात शाळामास्तर होते आणि निवृत्तीनंतर वाईच्या घरी न परतता तिथेच राहिले, ते या माश्यांच्या पायी. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात मी त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी मला एक भरलेली वसाहत दिली. पेटीच्या दाराला जाळी ठोकून, ती मांडीवर घेऊन, रात्रीच्या प्रवासात मी ती मुलुंडला आणली. माश्यांची पेटी रात्रीच हलवावी लागते. दिवसा हलवली तर चरायला गेलेल्या माश्या मागे राहतात, आणि पेटीच्या मूळ जागी घिरट्या घालून मरतात.

माश्या सातेरी जातीच्या. आपल्याकडे चार जाती सांगतात. उंच कड्यांवर, मुंबईत पाण्याच्या टाक्यांखालीसुद्धा, भले मोठे एकच पोळे लावते ती आग्या. तिच्या वाटेला कोणी जाऊ नये. झुडपात तळहाताएवढे पोळे करते ती फुलोरी. डंखच नसलेली चिमुकली पोया. आणि झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी लावून राहते ती सातेरी. सात पोळी लावते म्हणून सातेरी, असे लोक सांगतात. मराठीचा मास्तर या नात्याने मला ही व्युत्पत्ती फार सोयीची वाटते, आणि सोयीच्या व्युत्पत्तीबद्दल संशय धरावा असे मी वर्गात शिकवतो. काही असो, अंधारात राहायची तिची ही सवय आहे म्हणूनच ती माणसाच्या पेटीत नांदते. आग्या नांदत नाही.

सगळे सुरळीत चालले होते. माघात शेवगा फुलला, फाल्गुन-चैत्रात डोंगरातल्या जांभळांना मोहोर आला आणि पेटीचा वरचा मजला, ज्याला मधकोठी म्हणतात तो, भरला. मामांनी सांगितल्याप्रमाणे मी एकदा मध काढला. अडीच किलो निघाला. बाटल्या भरल्या, त्यांवर माझ्या हस्ताक्षरात चिठ्ठ्या डकवल्या आणि कॉलेजात वाटल्या. इथेच थांबायचे होते. पण ज्यांना मिळाला नाही त्यांचे चेहरे दिसू लागले, प्राचार्यांनी 'आमची बाटली विसरलात' असे हसत हसत म्हटले, आणि वैशाखाच्या शेवटी मी पुन्हा पेटी उघडली. वर थोडाच मध होता. तेव्हा मी खालच्या, पिलाव्याच्या कोठीतल्या चौकटींच्या वरच्या कडेला जो झाकलेला मध असतो, तोही कापून घेतला. तो माश्यांचा खासगी साठा असतो हे मला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. मामांनी सांगितले होते. पण सांगणे आणि ऐकणे यांत अंतर असते, हे परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला कोणी सांगायला नको.

शिवाय मी पुस्तक वाचले होते. इंग्रजी पुस्तक, जाडजूड, चित्रांचे. त्यात 'हिवाळ्याची तयारी' असे एक मोठे प्रकरण होते आणि ते मी पेन्सिलीने रेघा मारून वाचले. त्या थंड मुलखात, फुले संपली की माश्या पेटीत एकमेकींना बिलगून गोळा करून बसतात. पंखांचे स्नायू थरथरवून त्या ऊब निर्माण करतात, आणि त्या उबेचे सरपण म्हणजे साठवलेला मध. बाहेरच्या माश्या हळूहळू आत सरकतात, आतल्या बाहेर येतात. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत झिजून मरते. हिवाळ्यातली मात्र कित्येक महिने जगते. एवढ्या मुक्कामाला वीस-पंचवीस किलो मध लागतो. तो कमी पडेल असे दिसले तर मधपाळ पानगळीच्या आधीच त्यांना दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा दाट पाक देतो. दाट अशासाठी की थंडीत पाणी आटवायचे श्रम माश्यांना पडू नयेत. वाचून मी भारावलो. कार्तिकात आपणही असेच करायचे ठरवून, आषाढात पाऊस कोसळत असताना मी निर्धास्त झोपलो.

वाचकहो, माझी चूक तुमच्या ध्यानात आली असेल. काश्मीरकडे ते पुस्तक खरे आहे. सह्याद्रीत ते सहा महिन्यांनी चुकते. आपल्या सातेरीचा सुकाळ हिवाळ्यात सुरू होतो. महाबळेश्वराकडे तेव्हा पिसा फुलतो, मागोमाग जांभूळ, गेळा, हिरडा असे एकेक करून वैशाखापर्यंत चालते. तिचा दुष्काळ म्हणजे पावसाळा. जिथे वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो तिथे माशीने उडावे कधी आणि फुलातला मकरंद धुपून गेल्यावर उडून तरी काय आणावे? मुंबईचा पाऊस त्याच्या निम्म्याहून कमी, पण माशीला तोही पुरून उरतो. राणी अंडी घालणे आवरते घेते, वसाहत आक्रसते आणि सगळ्याजणी साठ्यावर बसून दिवस काढतात. कारवीच्या सालची गोष्ट वेगळी. ती फुलली की भाद्रपदातच डोंगर निळा-जांभळा होतो. सात वर्षांनी फुलते म्हणतात; बोरिवलीच्या रानात २०१६ साली फुलली ती पुन्हा २०२४ साली, म्हणजे मोजले तर आठ भरतात. पण आठांतली सात वर्षे माशीने काय करायचे?

त्या वर्षी श्रावणात, चार दिवस उघडीप पडली म्हणून, मी पेटीचे झाकण काढले. आवाज आला नाही. भरल्या पेटीला एक गुणगुण असते, शेजारच्या खोलीत कोणी जपाला बसावे तशी. ती नव्हती. तळफळीवर मेलेल्या माश्यांचा थर होता. पोळी कोरडी होती, कोपऱ्यात मेणकिड्याची जाळी धरली होती. आणि मधल्या पोळ्यावर ओळीने माश्या होत्या, मान खाली घालून, प्रत्येक जण एकेका रिकाम्या घरात डोके खुपसून. नुसत्या शेपट्या बाहेर. शेवटचा थेंब चाटायला आत शिरल्या आणि तशाच राहिल्या. उपाशी मेलेली वसाहत अशी ओळखावी, असे त्याच इंग्रजी पुस्तकात पुढे चाळीस पानांवर लिहिलेले होते. मी तिथवर पोचलो नव्हतो.

घरात एका बाटलीत मध शिल्लक होता. तो मी बरेच दिवस खाऊ शकलो नाही, टाकूही शकलो नाही.

मामांचा दर रविवारी फोन येई. आईशी बोलून झाले की मला विचारीत, "माश्या काय म्हणतात, मास्तर?" मी म्हणत असे, "मजेत आहेत." एकदा तर, लाज वाटते सांगायला, 'राणी जोरात आहे' असेही म्हणालो. दिवाळीत आईला घेऊन भाऊबिजेला त्यांच्याकडे गेलो तेव्हा ओवाळून झाल्यावर, ताटातल्या करंजीचा तुकडा हातात असताना मी ते सांगून टाकले. मामा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "श्रावणातच गेल्या ना? तू राणी जोरात आहे म्हणालास तेव्हाच ओळखलं मी. श्रावणात राणी जोरात नसते."

आईने विषय बदलला. मामांनी तो पुन्हा जागेवर आणला. म्हणाले, "अरे, आमचे नाना वाईहून पुण्याला शिकायला गेले ते वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. शनिवारचं घर मिळालं नव्हतं, त्या दिवशी माधुकरी मागायची. एकदा बुधवारच्या घराला कुलूप होतं. लोक गावाला गेलेले, पोराला सांगायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. नाना ओंकारेश्वरापाशी पाणी पिऊन झोपले. म्हातारपणीसुद्धा बुधवार आला की ते गोष्ट सांगायचे. तू त्यांचा नातू. त्या माश्यांचा वार चुकवलास."

'माधुकरी' हा शब्द मी वीस वर्षे वर्गात शिकवतो. मधुकर फुलाफुलातून थोडे थोडे घेतो, फुलाला तोशीस पडत नाही, तसे दारोदार थोडे थोडे मागून आणलेले अन्न. उदाहरणासकट फळ्यावर लिहून देतो. माशीलाच माधुकरी वाढायची पाळी माणसावर येते, आणि तीही माणसानेच तिचा डबा पळवलेला असतो म्हणून, हे माझ्या टिपणांत नव्हते.

मामांनी दुसरी वसाहत दिली, पण तेव्हाच नाही. एक पावसाळा त्यांच्याकडे येऊन जा, म्हणाले. गेलो. आठ दिवस त्यांच्या हाताखाली राबलो. तिथे ही विद्या नवी नाही. सरकारी मध संचालनालयच महाबळेश्वरला आहे, आणि तालुक्यातले मांघर तर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पावसाळ्यापूर्वी पेट्या आवरतात. ज्या पोळ्यावर माश्या नाहीत ते काढून घ्यायचे, नाहीतर त्यात मेणकिडा शिरतो. दोन दुबळ्या वसाहती असल्या तर एक करायची. दार लहान करायचे. छपरावर गवत किंवा कागद बांधायचा, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, मुंग्यांसाठी. मग वार. आठवड्यातून एकदा, पेटीमागे पाव किलो साखर आणि तितकेच पाणी. पावसाळ्यात पाक पातळच. वाटीत काड्या टाकायच्या, म्हणजे माश्या बुडत नाहीत. द्यायचा तो संध्याकाळी, सगळ्या पेट्यांना एकाच वेळी आणि बाहेर थेंब न सांडता. नाहीतर धष्टपुष्ट वसाहतीच्या माश्या दुबळ्यांच्या पेटीत शिरून लूट करतात. गूळ घालायचा नाही, माशीचे पोट बिघडते. बाजारचा मध घालायचा नाही, कुठल्या आजारी पेटीतला असेल सांगता येत नाही. आणि मधकोठी वर असताना पाक घालायचा नाहीच. तो पाक वर साठतो आणि माणूस त्याला मध म्हणून विकतो. हे सांगताना मामांचा आवाज चढला. या पापाला ते उपासमारीपेक्षा मोठे समजतात. मी समजत नाही, पण त्यांच्यासमोर बोललो नाही.

यंदा ज्येष्ठापासून दर बुधवारी संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. वार बुधवारच निवडला. एका बुधवारी गाड्या बंद पडून मी विद्याविहारला अडकलो, तर चिरंजीवांनी, जे पेटीजवळ यायला भितात, माझा जुना रेनकोट उलटा घालून पाक नेऊन ठेवला. वाटीत काड्या टाकायला ते विसरले. अकरा माश्या बुडाल्या. त्यांनी स्वतःच मोजून सांगितल्या.

वैशाखात या खेपेला मी दोनच बाटल्या काढल्या. प्राचार्यांना दिली नाही.

परवाच्या रविवारी फोन आला. "किती पोळी धरली आहेत?"

"पाच. सहावं अर्धं."

"साखर किती गेली?"

"चार किलो."

"आणि घरात चहाला?"

"गुळाचा पितो."

"बरा लागतो का?"

"नाही," मी म्हणालो. खरे बोलायचे ठरवलेच आहे, तर त्यात गुळाला वगळून कसे चालेल?