पावती ज्याच्या नावाची, जीवही फक्त त्याचाच?

पावसाळा तोंडावर आला की म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची यादी येते. अमुक इमारती अतिधोकादायक, रहिवाशांनी ताबडतोब घरं रिकामी करावीत. 2025 मध्ये अशा 96 होत्या. संक्रमण शिबिरात गाळा मिळेपर्यंत महिना 20,000 रुपये भाडं देऊ, असंही जाहीर झालं. चांगलंय. पण कुणाला? पावती ज्याच्या नावावर, त्याला. आज त्या खोलीत झोपतंय कोण, हे बघायला कुणी जिना चढतं का?

चिंचपोकळी, लालबाग, काळाचौकीत राहणाऱ्यांना हे नवीन नाही. पागडीवाला कुटुंब घेऊन डोंबिवली-बदलापूरला गेला. खोलीत चार पोरं राहतात. एक परळच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय, दुसरा लोअर परळला रात्रपाळीला. मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवायचा नाही असा कायदा, म्हणून करार नाही, नोंदणी नाही. "कुणी विचारलं तर भाचा म्हणून सांग" एवढाच काय तो करार. एकाच खोलीला चार-चार भाचे!

या पोरांना सल्ले मात्र भरपूर. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद ठेवा, 101 पाठ करा, कागदपत्रं एका पिशवीत ठेवा. बरोबरच आहे, कराच. पण कॉमन गॅलरीतली उघडी वायर आणि टेकू लावलेला जिना तो भाचा दुरुस्त करणार?

कायद्याचं ऐका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14. दुरुस्ती मालकानं करायची. नाही केली तर 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनं करायची आणि खर्च भाड्यातून कापायचा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. समजा भाडं महिना 150. वर्षाचे 1800, चौथा हिस्सा 450. या 450 रुपयांत जिना बांधून दाखवा. मालक म्हणतो, 150 रुपयांत मी काय करू? तोही अगदीच खोटं बोलत नाही. आणि पोटभाडेकरू बाजारभावानं भाडं भरत असला तरी या कलमात तो कुठेच नाही.

31 ऑगस्ट 2017. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली, 33 माणसं गेली. ती 2011 मध्येच धोकादायक ठरली होती. लोक राहतच होते. 16 जुलै 2019 ला डोंगरीत इमारत पडली, तेव्हा पडलेला भाग आमच्या उपकरप्राप्त यादीतला नाहीच, असं म्हाडानं सांगितलं. ढिगाऱ्याखाली माणसं होती आणि वर यादीचा वाद. जिथं इमारतीचीच ही गत, तिथं भाच्याला कोण विचारतो?

अग्निशमन दलाचा जवान आला की पहिला प्रश्न असतो, आत किती जण आहेत? आपल्या चाळींत याचं उत्तर शेजारच्या काकू देतात. काकू गावी गेल्या असतील तर? गंमत बघा, भाडेकरू ठेवला की पोलीस ठाण्यात माहिती द्यावी लागते. म्हणजे तो चोर निघाला तर कागद हवा, मलब्याखाली गेला तर नको.

काही जण लगेच म्हणतील, आता पोटभाडेकरूंनाही घरं द्या! घर कोण मागतंय? पागडीवाल्याचा हक्क त्याच्याकडेच राहू दे. मागणी इतकीच की एफ दक्षिण आणि ई वॉर्डानं मे महिन्यात प्रत्येक धोकादायक चाळीत जाऊन खोलीत प्रत्यक्ष राहणाऱ्यांची मोजणी करावी. हक्काची यादी वेगळी, जिवाची वेगळी. ही दुसरी यादी भाड्याच्या कुठल्याही दाव्यात पुरावा म्हणून चालणार नाही, असं लेखी द्या, नाहीतर पागडीवाला भीतीनं खरी माहिती देणार नाही. आणि इमारत रातोरात रिकामी केली तर निदान पहिले पंधरा दिवस पालिकेच्या शाळेत जागा द्या, पावती न विचारता.

मंडळी, तुमच्या चाळीत असे किती भाचे आहेत? नावं नकोत. खाली चाळीचं नाव आणि आकडा टाका. तो घेऊनच वॉर्ड ऑफिसला जाऊ.