गाडी ठेवायची की द्यायची?

मंडळी, "जुनी गाडी काढू नका हो, आठवण म्हणून राहू द्या," असं सांगणारे खूप भेटतात. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या दारात बहुधा नवी स्कूटर उभी असते! मला मात्र हे म्हणणं पटेनासं झालं आहे. आमच्या येझदीच्या निमित्ताने गेलं वर्षभर मनात जे चाललंय ते आज लिहून टाकतो.

गाडी १९८२ ची. २५० सीसी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सर, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. ज्यांनी येझदी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिची किक आणि गिअर एकाच दांड्यात. किक मारून गाडी चालू झाली की तोच दांडा पुढे वळवायचा, झाला गिअर!

माझी शाळा घरापासून बावीस किलोमीटरवर आणि एस.टी. दिवसातून दोनदा. एस.टी.ला बांधलेला मास्तर पाच वाजले की पिशवी उचलतो. येझदी आली आणि दहावीच्या मुलांचे जादा तास सातपर्यंत घेता येऊ लागले. गाडीवरचं माझं प्रेम हे असं आहे. ती शोभेची वस्तू कधीच नव्हती, कामाची होती.

आणि म्हणूनच प्रश्न पडतो. हिची किक डाव्या बाजूला आणि माझा डावा गुडघा आता किक मारू देत नाही. मुलगी म्हणते, "बाबा, नुसती उभी राहू दे ना." पण गाडी नुसती उभी राहत नाही हो! पेट्रोल उडून जाऊन कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो, टाकी आतून गंजते, रबरी सील कडक होतात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. (उसाच्या पट्ट्यातला माणूस इथेनॉलची तक्रार करतोय म्हणून आमचे पाहुणे हसतील, हसू देत.) थोडक्यात, चालवणं थांबलं की जपणं संपतं आणि साठवणं सुरू होतं.

दुसरी गोष्ट कागदांची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. आमच्या गाडीचं पुढचं २०२७ मध्ये आहे. वीस वर्षांपुढच्या दुचाकीसाठी ही फी २०२५ मध्ये दोन हजार रुपये झाली. पर्यावरण कर आणि नवी नंबरप्लेट वेगळीच. पन्नास वर्षं झाली की 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण त्याला २०३२ उजाडेल, आणि मग ती रोज रस्त्यावर काढता येणार नाही. म्हणजे पुन्हा शोभेचीच!

आणि माझ्यामागे काय? वारसांनी तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. परगावी नोकरी करणारी मुलं त्या दिवसांत हे करत बसतील? गाडी तशीच कुणीतरी नेईल, किंवा भंगारवाला वजनावर घेईल. पालकांनी घेतलेला निर्णय मुलांना पाळता येतो, पण न घेतलेला निर्णय त्यांच्या डोक्यावर बसतो.

तेव्हा माझं मत सांगतो. जुनी गाडी ठेवावी, पण जो चालवतो त्याने. धाकट्या बहिणीचा मुलगा कोल्हापुरात स्वतः गाड्या खोलून दुरुस्त करतो. त्याच्या हाती ती द्यायची ठरवतोय. पैसे नकोत. अटी दोन. हँडल-सायलेन्सर कापून तिचं सोंग करायचं नाही. आणि फॉर्म २९-३० भरून आधी नाव बदलायचं, मगच गाडी हलवायची. घरचाच आहे म्हणून कागद मागे ठेवू नयेत. कागदावर ज्याचं नाव तोच मालक, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलेलं आहे. भाचेबुवा, हे वाचत असाल तर समजून घ्या!

वाईट वाटणार नाही असं नाही. त्या फटफट आवाजावर वर्गातली पोरं जागेवर पळायची. पण तो आवाज कोल्हापूरच्या रस्त्यावर ऐकू येणं हे आमच्या जिन्याखाली मुकं उभं राहण्यापेक्षा बरं.

माझ्या वयाच्या मित्रांना एवढंच सांगणं, गाडी असो, पेटी असो की पुस्तकांचं कपाट, हात चालताहेत तोवर आपल्या हाताने द्या. घेणाऱ्याला चार गोष्टी समजावून सांगता येतात.

असो. रिकाम्या होणाऱ्या जागेत तुळशीच्या कुंड्या ठेवायचं सौ.ने आधीच ठरवलं आहे.